डाव्या सीटवरच्या मॅडम

आमच्या मॅडमनी डोंबिवलीतल्या निम्म्या बायकांना गाडी शिकवली असेल, पण त्यांना स्वतःला गाडी चालवताना मी कधी बघितलं नाही. मीच काय, कुणीच नाही. सकाळी पहिला विद्यार्थी कोपरला त्यांच्या बिल्डिंगखाली हजर व्हायचा आणि त्यांना घेऊन निघायचा. तास संपला की तो गाडी पुढच्या विद्यार्थ्याच्या दारात नेऊन उभी करायचा. हा उतरायचा, तो बसायचा, आणि मॅडम आपल्या डावीकडे, जिथल्या तिथे. उतरायच्या त्या फक्त चहाला. लोक म्हणायचे, अहो बाईंना मुळात येतच नाही चालवता! मी एकदा तोंडावर विचारलं.

"येतं की," त्या म्हणाल्या. "पण उजवीकडे बसलं ना, की माणूस स्वतःपुरतंच बघायला लागतो."

एक दिवस सोडला, तर डावी सीट सोडून त्या गाडीत दुसरीकडे बसलेल्या मी पाहिल्या नाहीत. त्या दिवसावर मी येतेच. पण आधी बाई काय चीज होती ते कळलं पाहिजे.

वय साठीच्या आसपास. सुती साडी आणि तिच्यावर बाराही महिने पुरुषांचा लांब बाह्यांचा शर्ट, उन्हासाठी. चपला काढून मागच्या सीटखाली ढकललेल्या. शिकवायच्या गाडीला डावीकडे आणखी एक ब्रेक असतो, त्यावर त्यांचा उघडा पाय नुसता टेकलेला. आणि मांडीवर भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. गिअर नीट पडला की एक शेंग सोलायची आणि दाणा आपल्यापुढे धरायचा. चुकला तर तोच दाणा स्वतःच्या तोंडात टाकायचा आणि खिडकीबाहेर बघत शांतपणे चावायचा. त्या दिवसांत मॅडमचं वजन वाढलं असेल तर ते माझ्यामुळे.

शिकणाऱ्याला नावाने हाक नाही. कॉलेजातला पोरगा असो की नातवंडं झालेले आजोबा, सगळे "पायलट", आणि सगळ्यांना अहोजाहो. अरेतुरे फक्त गाडीला. "पायलट, आरसा." हे त्यांचं सर्वात लाडकं वाक्य. वळायचंय? आरसा. थांबायचंय? आरसा. एकदा मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "मॅडम, पुढे बघू की आरशात बघू?" तर म्हणाल्या, "पुढचं सगळ्यांना दिसतं हो. त्यात काय शिकवायचं?"

हॉर्नवर त्यांचा विशेष राग. मी एकदा फडके रोडवर वैतागून लांबलचक हॉर्न दिला, तर त्यांनी मला गाडी बाजूला घ्यायला लावली. खाली उतरवलं आणि ज्या आजोबांवर हॉर्न वाजवलेला त्यांच्याकडे पाठवलं. "जा, सांगून या की घाई मला होती." मी गेले. काय करणार! आजोबांना काही कळलं नाही, त्यांनी मला आशीर्वाद दिला.

मी पन्नाशी ओलांडून स्टिअरिंगला हात लावला तो हौसेने नाही. गाडी माझ्या नवऱ्याची. एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होता तो, आणि गाडी हा त्याचा जीव की प्राण. मग त्याला पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. हळूहळू पाय आला, थोडा हात आला, शब्दही येऊ लागले, पण एकेक करून, लांबून चालत आल्यासारखे. डॉक्टरांनी व्यायामासाठी ठाण्याचं एक सेंटर सांगितलं, आठवड्यातून दोनदा. रिक्षात बसवून, मग लोकलमध्ये चढवून, परत रिक्षा, हे त्याला झेपेना. गाडी तर खाली कव्हर घालून उभी. शेवटी म्हटलं, शिकतेच आता, होऊ दे काय व्हायचं ते.

लायसन्स मिळालं. पहिल्याच दिवशी ठाण्याला निघालो तर हा डावीकडे बसून मांडीवरच्या पिशव्यांकडे बघत राहिला. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाला, "सामान." म्हणजे मी आता सामान. मी रात्री मॅडमना फोनवर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बाई घरी हजर. बाहेर कुणीतरी विद्यार्थी गाडी चालू ठेवून घाम पुसत उभा. मॅडम सरळ नवऱ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. "हे बघा, तुमच्या बायकोला डावीकडचं अर्धंच दिसतं. मी आजपर्यंत बघत होते. आता मी नसणार. तो डावा आरसा तुमचा. मोकळं असेल तर 'ये' म्हणायचं, नसेल तर 'थांब'. दोनच शब्द. जमेल ना?" नवऱ्याने मान हलवली. आणि जमलं हो! शीळफाट्यापासून ठाण्यापर्यंत हा "ये", "थांब", "ये" करत जायचा. परत येताना तर कधीकधी मला रागवायचासुद्धा. मला इतकं बरं वाटायचं त्याचं रागवणं.

आणि अशातच तो टेम्पो आला. कल्याण-शीळ रोडवर, सिग्नल सुटता सुटता, डावीकडून. नेमका नवऱ्याच्या दारावर. दार आत गेलं, दारामागचा खांब दबला, काचेचा चुरा त्याच्या मांडीवर. खरचटण्यावर निभावलं, देवाची कृपा. पण हा पांढराफटक. घरी आल्यावर कितीतरी वेळाने बोलला. "दिसला. मला दिसला. 'थांब'... आलं नाही." शब्द आला नाही वेळेवर. मी म्हटलं, अरे टेम्पोवाल्याची चूक, सिग्नल तोडला त्याने! पण त्याने मनात घेतलं ते घेतलंच. त्या सीटवर पुन्हा बसणार नाही म्हणाला. ठाण्याला जाणं बंद. हात पुन्हा आखडायला लागला.

टक्कर झाली त्या क्षणी मी फोन केलेला तो मॅडमना. पोलिसांच्या आधी, मुलीच्या आधी. त्या आल्या, गाडीकडे बघितलंच नाही. "कुणाला लागलं?" हा पहिला प्रश्न. टेम्पोवाल्यालाही तोच. मग मला म्हणाल्या, "आधी माणूस, मग फोटो, मग भांडण. फोटो काढलेत? मग आता भांडायला हरकत नाही." तोवर माझी भांडायची ताकद संपलेली.

खरं भांडण पुढेच होतं. विम्याच्या कंपनीला कळवलं तर फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅम, गाडी आमच्या भिवंडी बायपासच्या गॅरेजलाच न्यावी लागेल, नाहीतर क्लेम पास होणार नाही." मी "हो हो" म्हणत पत्ता लिहून घेत होते. मॅडमनी माझ्या हातातून फोन घेतला.

"बाळ, हे जे म्हणालात ना आत्ता, ते लिहून पाठवाल का? तेच वाक्य. दुसऱ्या गॅरेजला नेली तर क्लेम मिळणार नाही, एवढंच."

पलीकडे फोन होल्डवर. मग ते वाजणारं संगीत. मग पुन्हा तीच मुलगी, आवाजातली साखर जरा कमी. "मॅम, तुम्ही तुमच्या पसंतीच्या गॅरेजला नेऊ शकता. तिथे कॅशलेस आहे का ते बघावं लागेल, नसेल तर आधी तुम्ही बिल भरायचं आणि नंतर आम्ही देऊ. फक्त सर्व्हेअर बघून जाईपर्यंत गाडी उघडू नका."

"असं. हे कसं छान सांगितलंत," मॅडम म्हणाल्या, आणि फोन मला परत दिला. पुढे कुणीही काही दडपून सांगायला लागलं की मीही तेच विचारायला शिकले. लिहून देता का? सोसायटीच्या मीटिंगमध्ये तर रामबाण उपाय आहे हा.

आम्ही गाडी ज्या कंपनीची त्यांच्याच वर्कशॉपला नेली. कल्याणच्या अलीकडे, घरापासून जवळ, कॅशलेसही होतं. तिथे एसी, सोफे, कॉफीचं मशीन, टीव्ही. मॅडम घडीचं स्टूल घेऊन आल्या आणि काचेपलीकडे गाडी दिसेल अशा जागी बाहेर उन्हात बसल्या. सर्व्हिसवाला मुलगा, टाय लावलेला, अगदी नम्र, पळत आला. "काकू, आत बसा ना, सोफा आहे."

"नको. सोफ्यावर झोप लागते."

"काकू, इथे पेशंट नाहीये हो कुणी."

"आहे की. ती काय, पांढरी. ऑपरेशन व्हायचंय, घरचं माणूस बाहेर नको का?"

सर्व्हेअर आला, भराभर मोबाइलवर फोटो काढून निघाला. मॅडमनी त्याला हाक मारली. "अहो, दार बघितलंत, खांब बघितलात. त्या खांबात सीटच्या पट्ट्याचं यंत्र असतं. पट्टा ओढून बघा बरं." त्याने नाखुशीने ओढला. हळू ओढला तर येत होता, झटका दिला तरी येतच राहिला. अडकायला हवा तिथे अडकत नव्हता. "लिहितो," तो म्हणाला. "लिहा," मॅडम म्हणाल्या, "मी वाट बघते." आणि त्याने लिहीपर्यंत खरंच वाट बघत उभ्या राहिल्या.

त्या स्टुलावर बसूनच त्यांनी मला त्यांची गोष्ट सांगितली. शेंगा चालूच होत्या. काही वर्षांपूर्वी शिकवण्याच्या गाडीला पुढून ठोकर बसलेली, ती विम्याच्या सांगण्यावरून कुठल्याशा गॅरेजला दुरुस्तीला दिली. गाडी घ्यायला गेल्या तर ही शोभा! बॉनेटवर झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, उदबत्ती, नारळ फोडायला माणूस तयार, पेढ्याचा बॉक्स. फोटोग्राफर. आणि या सगळ्या गडबडीत कुणीतरी अलगद पुढे केलेला कागद, 'काम समाधानकारक झाले.' मॅडमनी सही केली.

"नारळ फुटल्यावर नाही कसं म्हणायचं हो?" त्या मला म्हणाल्या. "अपशकुनासारखं वाटतं. आपल्या लोकांची तीच गोची. हार घातला की आपण गप्प."

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बँकेतले साहेब चालवत होते. पुलाच्या उतारावर साहेबांनी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. मॅडमनी आपला ब्रेक दाबला. पाय थेट तळाला! गॅरेजवाल्यांनी तो डावा ब्रेक काढलेला आणि परत जोडताना त्याची पिन लावायचीच राहिलेली. उजव्या बाजूचं सगळं चकचकीत. मॅडमनी हँडब्रेक खेचला, गाडी आडवी होऊन शहाळेवाल्याच्या हातगाडीत घुसली. कुणाला काही झालं नाही, पण शहाळी पार पुलाखाली. त्या जाब विचारायला गेल्या तर त्यांच्यापुढे त्यांचीच सही.

"म्हणाले, तुम्ही समाधानी आहात असं इथे लिहिलंय. मी म्हटलं, मी समाधानी नाहीये. तर म्हणतात, काल होतात."

मला हसू आवरेना. त्याही हसल्या, पण दाणा सोलता सोलता थांबून म्हणाल्या, "सगळे चालवणाऱ्याची सीट बघतात हो. बाजूचा माणूस कुणी मोजत नाही. तेव्हापासून माझं एकच. सही शेवटी."

आमची गाडी तयार झाल्याचा फोन आला आणि गेलो, तर काय! हार, लिंबू, उदबत्ती, पेढे. नवं दार इतकं लखलखीत की त्यात माझ्या केसांचा पांढरा भांग दिसत होता. टायवाला मुलगा कागद पुढे करून म्हणाला, "ताई, इथे सही. गाडी सरांच्या नावावर असली तरी तुमची चालेल, घरातलंच आहे." मी खरं सांगते, पेन हातात घेतलेलं. मॅडमनी पेढा उचलला, खाल्ला, बोटं पुसली, चपला काढल्या आणि डावीकडे जाऊन बसल्या. पट्टा ओढला. झटका दिला. पट्टा भसकन बाहेर आला, सगळा.

"नारळ ठेवा बाजूला," त्या आतून म्हणाल्या.

मुलगा ओशाळला. खोटं बोलला नाही, त्याचं श्रेय त्याला देते. "काकू, तो पार्ट मागवलाय, अजून आला नाही. आला की फोन करतो ना, दहा मिनिटांचं काम. तोवर गाडी घेऊन जा. सही काय, फॉर्मॅलिटी आहे." मग माझ्याकडे वळून, अगदी चांगल्या मनाने म्हणाला, "तोवर सरांना मागे बसवा."

मला असं झालं, याला उचलून त्या सोफ्यावर आपटावं! मागे बसवा म्हणे! ज्या माणसाला एकदाचं वाटायला लागलेलं की आपण गाडीतलं सामान नाही, त्याला मागे बसवा! मी तोंड उघडलं तर रडू आलं. मॅडम मात्र शांत. गाडीतून उतरल्या, बॉनेटवरचा हार काढून त्याची नीट घडी घातली आणि मुलाच्या हातात दिला. "पार्ट आल्यावर बोलवा. गाडी इथेच राहू दे. विम्यात बसवलेलं काम आहे, अर्धं घेऊन आम्ही जात नाही. आणि हो, पुढच्या वेळी गाडीचे मालक येतील. सही ते करतील."

"ते?" मी रिक्षात बसल्यावर म्हटलं. "मॅडम, तो पेन धरत नाही हो. बँकेत अंगठा लावलेला आम्ही."

तो अंगठा मला आठवत होता. हा माणूस स्टोअरमध्ये दिवसभर सह्या करायचा. गेटपासवर त्याची सही असल्याशिवाय खिळासुद्धा बाहेर जायचा नाही. सहीखाली एक रेघ आणि दोन टिंबं, ऐटीत. बँकेतून येताना तो वाटभर अंगठ्याची शाई पँटला पुसत होता, गेली तरी पुसत होता. त्यानंतर कागद आला की मान फिरवायचा.

"गाडी कुणाची?" मॅडमनी विचारलं.

"त्याची."

"सीट कुणाची?"



आता मॅडमनी क्लास बंद केलाय. टिटवाळ्याला बहिणीजवळ राहतात, तिथल्या रिक्षावाल्यांना आरसा शिकवतात असं ऐकते. फोन केला की आधी विचारतात, "पायलट, हॉर्न किती वाजवलात?" मी खोटं सांगते, त्यांना कळतं. त्यांचा विषय निघाला की लोक शहाळ्यांचा किस्सा सांगतात, शेंगांचा सांगतात. मला मात्र तो वर्कशॉपचा शेवटचा दिवस आठवतो.

पट्टा आला. नवऱ्याला तिथे न्यायला मला दोन दिवस लागले, हातापाया पडून. शेवटी मॅडमच घरी येऊन म्हणाल्या, "बसू नका हवं तर. नुसतं तपासायला चला. तुमच्याशिवाय कोण तपासणार?" स्टोअरमधला माणूस होता तो. माल तपासायला चला म्हटल्यावर उठला.

या वेळी हार नव्हता. गाडी उन्हात नुसतीच उभी. मॅडम सवयीने डाव्या दाराकडे गेल्या, कडीला हात घातला, आणि थबकल्या. दार उघडून बाजूला झाल्या. नवरा कितीतरी वेळ सीटकडे बघत राहिला. टायवाला मुलगा काही बोलायला गेला, तर मॅडमनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. मग नवरा आत बसला. त्याने पट्टा डाव्या हाताने ओढला. झटका. अडकला. पुन्हा झटका. अडकला. मग त्याने उजवा हात उचलला, तो आखडलेला, आणि त्या हाताने ओढला. तेव्हाही अडकला.

"आता चालवून बघायची," मॅडम म्हणाल्या, आणि दार उघडून मागे बसल्या. मागे! "इथून काही दिसत नाही हो," म्हणून कुरकुरल्यासुद्धा. मी वर्कशॉपच्या मागच्या मोकळ्या आवारात गाडी नेली, थोडा वेग घेतला, आणि त्यांनी सांगितलेलं तसा कच्चकन ब्रेक मारला. मागून उघडा पाय जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. नवरा पुढे गेला आणि पट्ट्याने त्याला धरला, छातीशी, घट्ट. त्याने पट्ट्यावर हात ठेवला. "धरला," तो म्हणाला.

परत आलो तर मुलगा कागद आणि निळ्या शाईचं पॅड घेऊन उभा. "सर, त्रास नको, अंगठा चालेल."

"पॅड नको," मॅडम म्हणाल्या. "पेन द्या. आम्हाला घाई नाही."

बॉनेटवर कागद ठेवला. नवऱ्याने डाव्या हाताने पेन उजव्या हाताच्या बोटांत बसवलं. पहिलं अक्षर वर चढलं, दुसरं खाली घसरलं. पेन एकदा सुटलं, मुलाने उचलून दिलं. मागे कुणाच्या तरी गाडीला पाणी मारत होते. आडनाव जवळजवळ कागदाबाहेर गेलं. मला वाटलं झालं, मी कागद घ्यायला हात पुढे केला तर त्याने तो ढकलला. मग खाली रेघ मारली. वाकडी. आणि एक टिंब. आणि दुसरं.

मी ढसाढसा रडले, उगाच कशाला लपवू! मॅडमनी कागद उचलून उन्हात धरला, बघितला आणि मुलाला दिला. "हं. आता तुमचा पेढा आणा."

निघालो. नवरा डावीकडे, मॅडम मागे, चपला काढलेल्या. गेटपाशी मोठा रस्ता लागतो. मी डोळे पुसत तशीच गाडी बाहेर काढायला निघाले.

"थांब," नवरा म्हणाला.

डावीकडून ट्रक धडधडत गेला. तो गेल्यावर नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. ओठ जुळवायला त्याला वेळ लागला. "पायलट," तो म्हणाला, "आरसा."

मी आरशात बघितलं. आरशात मॅडम होत्या, मान खाली घालून शेंग सोलत होत्या. मग त्यांनी दाणा पुढे केला, माझ्या खांद्यावरून नाही, डाव्या सीटकडे.